रिकामी पिकअप, ओला चढ

मे महिना सरत आला की गॅरेजच्या दारात पिकअप गाड्यांची रांग लागते. वायपर, ब्रेक लायनर, हेडलाइट, हौद्यावरची ताडपत्री अशी कामे उरकून घ्यायची असतात. प्रत्येक मालकाचा मेस्त्रीला प्रश्न ठरलेला असतो : "माल भरून चढेल ना?" चढते. कोकणातल्या वाडीवस्तीच्या रस्त्यांवर पावसात मागची चाके जागच्या जागी फिरत राहतात ती बहुतेक वेळा माल उतरवून परतणाऱ्या गाडीची. आपण मात्र पाटे, हवा, टायर सगळे भरलेल्या फेरीच्या हिशेबाने जुळवतो. या अंकात हाच विषय घ्यायचे कारण ते आहे.

थोडे गणित करू. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, अशी आपली नेहमीची पिकअप. आकडे अंदाजाचे घेऊ : रिकामी गाडी १,७०० किलो, त्यातले ४० टक्के म्हणजे ६८० किलो मागच्या ॲक्सलवर. चढ आठास एक. वर जायला वजनाचा आठवा हिस्सा, २१२ किलो, आणि टायर फिरण्याचा विरोध धरून सुमारे २४० किलोची ओढ लागते. चढावर थोडे वजन मागे झुकते, त्यामुळे मागच्या ॲक्सलवर ७३० किलो धरा. कोरड्या डांबरावर पकड वजनाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे पाचशे किलोच्या वर; काळजी नाही. स्वच्छ ओल्या डांबरावर सव्वातीनशे, तरीही निभते. पण चिखल माखलेल्या किंवा घासून गुळगुळीत झालेल्या काँक्रीटवर पकड तीस टक्क्यांवर आली की हाती राहतात २२० किलो. हवेत २४०. चाक फिरणारच. इंजिनात कितीही दम असला तरी इथे त्याचा उपयोग नाही.

आता हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर, वाळूची ३०० किलो पोती ठेवा. ओढीची गरज २८० वर जाते, पण पकड ३१० पर्यंत वाढते. गाडी निघते. पोत्यांच्या प्रत्येक किलोमागे चढ आठवा हिस्सा मागतो आणि टायर जवळजवळ एकतृतीयांश देतो, हा त्यातला फायदा. पोती फाळक्याला टेकवून ठेवली तर मात्र पुढचा भाग हलका होतो आणि ओल्या वळणावर स्टिअरिंग ऐकत नाही. ती ॲक्सलवर किंवा किंचित पुढे हवीत आणि दोराने आवळलेली हवीत. सुटे पोते ब्रेक मारल्यावर केबिनच्या पाठीवर येऊन आदळते. पुढच्या भाड्याच्या वेळी पोत्यांचे वजन पासिंगच्या वजनात मोजायचे, हे वेगळे सांगायला नको.

पोत्यांऐवजी फाळक्यावर चार माणसे उभी करण्याची पद्धत सर्रास दिसते. गाडी चढते हे खरे. पण चाक अचानक पकडले की गाडी हिसका देते, आणि मागचा माणूस नेमका उताराच्या बाजूला पडतो. हे बंद व्हायला हवे. तसेच चाकाखाली लावलेला दगड काम झाल्यावर रस्त्यातच सोडून जाणेही. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला अंधारात तो दिसत नाही.

मुख्य घाटरस्त्यांवर ही वेळ क्वचित येते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या डोंगरी रस्त्यांच्या निकषांत अगदी अवघड जागीही चढ सात-आठ टक्क्यांपुढे न्यायचा नसतो. आठास एक म्हणजे साडेबारा टक्के. असे चढ भेटतात ते हमरस्ता सोडून वाडीकडे, आंब्या-काजूच्या बागेकडे किंवा खाणीकडे वळल्यावर. जांभ्याचा लाल चिखल, सावलीतल्या काँक्रीटवरचे शेवाळ, पहिल्या पावसात धूळ आणि ऑइल मिसळून झालेला राडा. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे ऑगस्टपर्यंत झाडाखालचा रस्ता हिरवा झालेला असतो. शेवाळावर पकड वीस टक्क्यांवर उतरली तर वरच्या गणितातली पोतीही पुरत नाहीत. तिथे खराटा आणि ब्लीचिंग पावडर हाच उपाय, आणि तो ग्रामपंचायतीच्या मागे लागून करून घ्यावा लागतो.

आता आपल्या हातातली कामे. सर्वांत मोठा दोष वाढीव पाट्यांचा आहे, आणि तो आपणच बसवून देतो. कंपनीचे पाटे मुळातच पूर्ण भारासाठी कडक असतात. त्यात आणखी दोन घातले की रिकामी गाडी खड्ड्याखड्ड्यावर उडते, आणि हवेत असलेले चाक ओढत नाही. त्यात मागचे शॉकअप गळके असतील किंवा काढूनच टाकलेले असतील तर बोलायलाच नको. पिकअपच्या मागच्या शॉकअपवर खर्च करायला मालक तयार नसतो. पावसाळ्यापुरते तरी त्याला पटवा.

पाट्यांचा दुसरा परिणाम उतारावर दिसतो. ज्या गाड्यांत भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह, आपला एलएसपीव्ही, आहे, त्याची दांडी मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. चासी आणि ॲक्सल यांतले अंतर पाहून तो भार ओळखतो. पाटे वाढवले की भरलेली गाडीही उंच राहते, व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो आणि मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. सगळा ताण पुढच्या चाकांवर येतो. यावर तोडगा म्हणून कुणी दांडी तारेने वर बांधून टाकतो. मग रिकाम्या गाडीला ओल्या उतारावर मागे पूर्ण दाब मिळतो, चाके लॉक होतात आणि शेपूट फिरते. दांडी सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे सेट करा. जमत नसेल तर वाढीव पाटे काढा.

टायरच्या हवेबाबत मत विभागलेले आहे. भरलेल्या गाडीला मागे लागणाऱ्या दाबावर रिकामी गाडी चालवली की टायर जेमतेम मधल्या पट्ट्यावर टेकतो. दिवसातून दोनदा हवा कमी-जास्त कोणी करणार नाही, हे आम्हालाही कळते. पण जादा मालासाठी दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीपेक्षा दहा-पंधरा पीएसआय जास्त मारायची जी सवय आहे, ती तरी सोडता येते. पट्टीवर रिकाम्या गाडीसाठी वेगळा आकडा असेल तर लांबच्या रिकाम्या फेरीला तोच ठेवा. त्याखाली जाऊ नका.

नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. ओल्या चढासाठी ती फार उशिराची आहे. तीन मिलिमीटरला टायर बदलला तर पावसाळा निर्धास्त जातो. चांगली जोडी मागे टाका. जाड गड्ड्यांचा लग टायर चिखलात कामाचा, पण ओल्या डांबरावर त्याचे रबर कमी टेकते. बारीक चिरांची नक्षी तिथे सरस ठरते.

डिफरन्शियलबद्दल दोन शब्द. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरू लागले की दुसऱ्याला तेवढीच क्षीण ओढ मिळते. हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तर तो दोन-तीन दात ओढून हळू क्लच सोडला की घसरणारे चाक अडते आणि पकड असलेल्या चाकाकडे ओढ जाते. चालण्याच्या वेगात, थोड्या अंतरापुरते करावे. अन्यथा ड्रम तापतात. जमेल तिथे गाडी दुसऱ्या गिअरवर उठवावी, कारण टर्बोची ओढ एकदम आली की चाक सुटते. डिफरन्शियल वेल्डिंग करून कायमचे जाम करण्याचे काम मात्र कोणी पैसे दिले तरी घेऊ नका. ओल्या वळणावर अशी गाडी वळत नाही, सरळ जाते.

आणखी एक काम गॅरेजबाहेरचे आहे. जवळच्या वजनकाट्यावर रिकामी गाडी न्या, आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्या, मग फक्त मागची. मालक आणि मेस्त्री यांपैकी फार थोड्यांनी स्वतःच्या गाडीच्या मागच्या ॲक्सलचा हा आकडा पाहिलेला असतो. गाडीचे मॉडेल, दोन्ही आकडे, मागचे पाटे किती आणि हवा किती, एवढे पोस्टकार्डावर किंवा व्हॉट्सॲपवर कळवा. वीस-पंचवीस गाड्यांची माहिती जमली तरी कोणत्या मॉडेलला किती पोती लागतात याचा तक्ता ऑगस्टच्या अंकात छापता येईल.