अग्निदिव्याचा ताळेबंद

बँकेतून निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी संध्याकाळी सहा वाजले की मनात अजून एक प्रश्न डोकावतो : कॅश जुळली का? मी नव्याने नोकरीला लागलो तेव्हा एका संध्याकाळी शंभर रुपये कमी पडले होते. रात्री साडेनऊपर्यंत आम्ही सहाजण व्हाउचरे चाळत बसलो. शंभर रुपये खिशातून भरून घरी जायला कोणाचीच हरकत नव्हती. पण आमचे हेडकॅशियर ऐकेनात. तूट भरून निघेल, पण ती कशी आली हे कळले नाही तर उद्या पुन्हा येईल, असे त्यांचे म्हणणे. अखेर एका बंडलात एक्क्याण्णव नोटांऐवजी ब्याण्णव नोटा निघाल्या, तेव्हा कुठे आम्ही चर्चगेटकडे धावलो.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे १४ एप्रिल. हा दिवस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीचा म्हणून सर्वांच्या ध्यानात असतो. तोच अग्निशमन सेवा दिनही आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ या जहाजाला आग लागली. जहाजाच्या पोटात कापसाच्या गासड्या होत्या, सोन्याच्या लगडी होत्या आणि सुमारे १४०० टन दारूगोळा होता. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले, जवान डेकवर चढले, नऊशे टनांहून जास्त पाणी आत ओतले गेले. जहाज बुडवावे की गोदीबाहेर ओढून न्यावे, याचा निर्णय घेऊन तो अमलात आणणारा एक माणूस मात्र त्या गर्दीत नव्हता. चारनंतर पहिला स्फोट झाला, पाठोपाठ दुसरा. माणसे शेकड्यांनी मेली. त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण होते.

दरवर्षी त्यांना मानवंदना दिली जाते, आणि ती द्यायलाच हवी. माझ्यातल्या जुन्या बँकवाल्याला मात्र मानवंदनेनंतरची गोष्ट विचारावीशी वाटते. एवढी मोठी तूट आली, तर ती कशी आली हे पुढच्या पिढीतल्या प्रत्येक जवानाला आपण शिकवले का?

आता अलीकडचे घ्या. ९ मे २०१५. शनिवारची दुपार कलली होती. काळबादेवीतल्या ‘गोकुळ निवास’ या जुन्या इमारतीला आग लागल्याची वर्दी आली. गल्ल्या अरुंद, इमारत लाकडी तुळयांची. अशा इमारतींत माणसे राहतात, दुकाने चालतात, माल साठतो आणि देव्हाऱ्यात दिवाही लागतो. रहिवासी सुखरूप बाहेर काढले गेले. नंतर इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे दोन अधिकारी गेले. उपप्रमुख सुधीर अमीन १४ मे रोजी इस्पितळात वारले आणि २४ मे रोजी दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर. एका आगीत शहराने अग्निशमन दलाचे नेतृत्वच गमावले. वाचलेले रहिवासी आणि गेलेले अधिकारी हा हिशेब मांडताना आजही घशात आवंढा येतो.

आपण अशा माणसांना हुतात्मा म्हणतो. तो शब्द मनापासूनचा असतो. पण एक धोकाही त्यात आहे. हुतात्मा म्हटले की मरण अटळ आणि जणू ठरलेलेच होते असे वाटू लागते. मग प्रश्न विचारणे हा मृताचा अपमान ठरतो. फोटोला हार, वारसाला नोकरी, चौकाला नाव, आणि खाते बंद. त्या चौघांच्या धैर्याबद्दल खुर्चीत बसून बोलायचा मला अधिकार नाही. पण ज्या कारणाने ते गेले त्या कारणाबद्दल बोलणे हा त्यांच्या मागे राहिलेल्या प्रत्येक जवानाचा हक्क आहे.

जुनी इमारत आगीत का पडते? यात गूढ काही नाही. जाड सागवानी तुळई बाहेरून जळत गेली तरी आतून बराच वेळ तग धरते. दगा देतात ते तिचे सांधे आणि भिंतीत रुतलेली तिची टोके. लोखंडी गर्डरचे वेगळेच. तो जळत नाही, पण साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची निम्मी ताकद गेलेली असते. आणि तिसरी गोष्ट आपल्या लक्षातही येत नाही. आग विझवायला मारलेले पाणी! हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. कापडाच्या आणि कागदाच्या गठ्ठ्यांनी ते पिऊन टाकले, की आधीच दुबळ्या झालेल्या मजल्यावर तो भार तसाच बसून राहतो. म्हणून जाणते अधिकारी भिंतीची नवी भेग बघतात, चौकटीत अडकू लागलेले दार बघतात, पडणारा गिलावा आणि तुळयांचे कुरकुरणे ऐकतात. इमारत जेवढी उंच त्याच्या दीडपट अंतर मोकळे ठेवावे, असा जगभरचा ठोकताळा आहे. काळबादेवीच्या गल्लीत दीडपट अंतर आणायचे कोठून? जवान मागे सरकला तर समोरच्या इमारतीच्या जिन्यातच पोहोचतो. तेव्हा आपल्या शहरांसाठीचे धडे परदेशी पुस्तकांतून नुसते उतरवून चालणार नाहीत. ते आपल्याच आगींमधून काढावे लागतील, आणि त्यासाठी प्रत्येक आगीचा हिशेब लिहिलेला हवा.

हिशेब लिहिल्याने माणसे वाचतात याचे एक उदाहरण मला फार जवळचे वाटते, कारण त्यात टोकन आहे. पूर्वी बँकेत चेक दिला की पितळी टोकन मिळायचे, ते वाचकांना आठवत असेल. दिवसअखेर टोकने मोजली जात. एखादे कमी भरले की शोधाशोध. लंडनमध्ये जानेवारी १९५८ मध्ये स्मिथफिल्ड बाजाराच्या तळघरांना आग लागली. भुलभुलैयासारखी तळघरे, दाट धूर. श्वसनयंत्रे लावून आत गेलेल्या जवानांपैकी दोघे परत आलेच नाहीत. त्यानंतर तिथल्या दलांनी एक पद्धत पक्की केली. श्वसनयंत्र लावून आत जाणाऱ्या प्रत्येकाने दाराशी आपले टोकन द्यायचे. त्यावर त्याचे नाव, हवेचा दाब आणि आत जाण्याची वेळ. दाराशी एक माणूस फळा घेऊन उभा. हा कधी बाहेर यायला हवा, ते तो मांडतो. बाहेर आलास की टोकन परत घे. वेळ संपली आणि फळ्यावर टोकन लटकतेच आहे, म्हणजे आत कोणीतरी संकटात आहे.

ही पद्धत खर्चिक नाही, पण फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाने आत धावून जाण्याचा मोह आवरला पाहिजे. आपल्याकडे तेच अवघड. आग लागली की जमाव ओरडत असतो, ‘अरे, बघत काय उभे राहिलात?’ त्या ओरडण्यापुढे फळा धरून उभा राहणारा जवान भ्याड ठरतो. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असा आपला समज. असते ती दाबून भरलेली साधी हवा, आणि ती पुरते अर्धा-पाऊण तास. वीस-पंचवीस किलोंचा सरंजाम अंगावर घेऊन जिने चढताना धाप लागली की त्याहूनही लवकर संपते. हे गणित जमावाला माहीत नसते. फळ्यापाशी उभ्या असलेल्याला ते माहीत असते, म्हणूनच तो उभा असतो.

प्रशिक्षण म्हणजे काय, तर हे गणित धुराच्या अंधारातही न विसरणे. मार्च २०२१ मध्ये कोलकात्यात स्ट्रँड रोडवरील रेल्वेच्या इमारतीत तेराव्या मजल्यावर आग लागली. नऊजण गेले, त्यांत चार अग्निशमन कर्मचारी होते. लिफ्टने वर जाण्याचा निर्णय घातक ठरला. आगीत लिफ्ट वापरू नये हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. मग जाणत्या माणसांकडून असे का होते? कारण नियम माहीत असणे वेगळे आणि तो हाडीमाशी खिळणे वेगळे. तेरा मजले, पाठीवर ओझे आणि वर कोणी अडकले असेल ही धास्ती असताना माणूस सवयीने वागतो. सवय सरावानेच लागते.

हा सरावसुद्धा बेफिकिरीने झाला तर जीव घेतो. १९८२ साली अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर येथे खऱ्या आगीवरचा सराव चालू असताना दोन जवान मेले. शिकतानाच! त्यातून चार वर्षांनी, १९८६ मध्ये, अशा सरावासाठी स्वतंत्र नियमावली आली. घर आधी फिरून दाखवा, पाण्याची पर्यायी सोय ठेवा, सुरक्षेवर लक्ष ठेवणारा वेगळा अधिकारी नेमा, जिवंत माणसाला ‘अडकलेला’ म्हणून आत बसवू नका. आज वाचताना हे सगळे सामान्य शहाणपण वाटते. पण त्याची किंमत कोणीतरी आधी मोजलेली आहे.

त्याच देशात १९९८ पासून एक सरकारी संस्था कर्तव्यावर मेलेल्या जवानांच्या मृत्यूंची चौकशी करते आणि अहवाल जाहीर करते. कोणाला फाशी द्यायची हा त्याचा हेतू नसतो. काय घडले, कोणत्या क्रमाने घडले, पुन्हा घडू नये म्हणून काय करावे, एवढेच त्यात असते. वाचताना मला आमच्या बँकेतली सर्क्युलरे आठवली. एखाद्या शाखेत अफरातफर झाली की पंधरा दिवसांत देशभरच्या शाखांना परिपत्रक यायचे. शाखेचे नाव नसे, पण युक्ती कशी केली हे बारकाईने लिहिलेले असे. आम्ही खाली सही करायचो. बँकेचे पैसे बुडाले तर देशभर परिपत्रक जाते. मुंबईत जवान गेला, तर त्यातला धडा सोलापूरच्या नाहीतर पणजीच्या केंद्रावरच्या पोराच्या हातात पंधरा दिवसांत पडावा, ही अपेक्षा अवाजवी आहे का?

आणखी एक वही उघडायला हवी. सगळेच जवान ज्वाळांत मरत नाहीत. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की तिथे कर्तव्यावर होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याच्या आसपास मृत्यू हृदयविकाराने होतात. झोपेतून घंटेने उठायचे आणि दोन मिनिटांत जीव तोडून धावायचे, हे काळजाला झेपायला हवे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमनाचे काम कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. काजळीने माखलेला कोट ही पूर्वी शौर्याची खूण समजत. आता कळते की तो कोट घरी नेऊ नये, मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नये. निवृत्तीनंतर दहा वर्षांनी खोकत खोकत गेलेल्या फायरमनला तोफांची सलामी मिळत नाही. तोही या तुटीतलाच आहे.

इथपर्यंत मी सरकारला आणि दलाला उपदेश केला. आता स्वतःच्या सहीबद्दल सांगतो. ऐंशीच्या दशकात मी ज्या शाखेत होतो ती अशाच एका जुन्या इमारतीत होती. जिन्याखाली वाळूच्या लाल बादल्या. त्यांत वाळू कमी आणि विड्यांची थोटके, पानाच्या पिचकाऱ्या जास्त. रेकॉर्डरूमची दुसरी वाट जुन्या लेजरांनी बुजलेली. अग्निसुरक्षेचे एक रजिस्टर होते. त्यात दर सहा महिन्यांनी ‘आगीची कवायत घेण्यात आली, साधने तपासली, वाटा मोकळ्या आहेत’ असे लिहून खाली सही करायची. चार वर्षांत मी आठ सह्या केल्या. कवायत एकदाही झाली नाही. शंभर रुपयांसाठी रात्री साडेनऊपर्यंत थांबणारा मी, ही आठ खोटी वाक्ये चहाच्या कपाबरोबर लिहून मोकळा झालो. तिथे कधी आग लागली नाही हे नशीब. लागली असती तर कोणीतरी वीस-बावीस वर्षांचा जवान, वाट मोकळी आहे असे समजून, त्या लेजरांवर जाऊन आदळला असता.

महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. इमारतीतली आगीची साधने चालू स्थितीत आहेत, असा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन जानेवारीत आणि जुलैत सादर करायचा, असे तो सांगतो. त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. आपल्या सोसायटीचा मागचा फॉर्म बी कोणी, काय बघून दिला, हे सेक्रेटरींना एकदा विचारून बघा. तोवर जिन्यातले चपलांचे कपाट, जुनी सायकल आणि गच्चीच्या दाराचे कुलूप यांकडेही नजर टाका. आणि कधी १०१ फिरवायची वेळ आलीच, तर मजला कोणता, सिलिंडर कुठे आहेत आणि आत माणूस आहे की नाही, एवढे खरे सांगा. सामान वाचावे म्हणून ‘आत कोणी असेल बहुतेक’ असे म्हणू नका. त्या ‘बहुतेक’वर विश्वास ठेवून कोणीतरी दाराशी आपले टोकन देऊन आत जाणार असतो.

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा आहे. विषयपत्रिकेत पाण्याची टाकी, पार्किंग आणि गणपतीची वर्गणी आहे. मी चौथा विषय लिहून दिला आहे : जिना. तो जिना मोकळा झालेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करायची नाही, एवढे मी या वेळी ठरवले आहे.