फाइल थेट जाते, पण गाठ कोण घालून देतो?

जुलै २०२५ मध्ये 'वीट्रान्सफर' या फाइल पाठवण्याच्या सेवेने आपल्या अटी बदलल्या. लोकांच्या फाइल्स मशीन लर्निंगच्या कामी वापरता येतील, असा अर्थ निघणारा मजकूर त्यात होता. ओरड झाली, तेव्हा कंपनीने तो काढला. हीच सेवा मे २०२० मध्ये दूरसंचार विभागाने भारतात रोखली होती. कारण राष्ट्रीय सुरक्षा आणि सार्वजनिक हित, एवढेच. दुसऱ्याच्या गोदामात ठेवलेल्या मालाचे हे असे होते.

म्हणून ब्राउझरमधून थेट फाइल पाठवण्याच्या पद्धतीकडे कार्यकर्त्यांनी गंभीरपणे पाहावे, असे आम्हाला वाटते. यामागचे तंत्र 'वेबआरटीसी'. जानेवारी २०२१ मध्ये त्याला अधिकृत वेब मानकाचा दर्जा मिळाला. क्रोम, फायरफॉक्स, सफारी या सर्वांत ते आहे. वेगळे अॅप लागत नाही. पाठवणारा लिंक देतो, घेणारा उघडतो आणि फाइल कूटबद्ध होऊन एका यंत्रातून दुसऱ्यात जाते. टॅब बंद केला की पाठवणे थांबले. मागे सर्व्हरवर प्रत उरत नाही.

अत्याचाराच्या प्रकरणात वस्तीवर जाऊन माहिती गोळा करणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो, म्हणजे ती मूळ फाइल राहत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात आता इलेक्ट्रॉनिक पुराव्याची 'हॅश' द्यावी लागते. फाइलमध्ये किंचित फरक पडला तरी ही हॅश बदलते. त्यामुळे मूळ फाइल जशीच्या तशी वकिलापर्यंत पोहोचणे, ही आता केवळ सोयीची बाब नाही.

पण 'थेट' या शब्दाला भुलू नये. दोन ब्राउझरना एकमेकांचा पत्ता कळावा म्हणून सुरुवातीला एक मध्यस्थ सर्व्हर लागतोच. मोबाइल नेटवर पुष्कळदा थेट जोडणी जमत नाही, मग फाइल तिसऱ्या सर्व्हरमार्गे जाते. तिथे ती वाचता येत नाही, पण कोणत्या पत्त्यावरून कुठे आणि कधी गेली हे दिसते. शिवाय समोरच्याला आपला आयपी पत्ता कळतो, तेव्हा अनोळखी माणसाला अशी लिंक देणे धोक्याचेच. आणि पानाचा कोड देणाराच बेइमान निघाला, तर कुलूप त्याचे आणि किल्लीही त्याचीच.

'स्नॅपड्रॉप'चे उदाहरण पाहा. मुक्त स्रोतातली, विनामूल्य, लोकांच्या विश्वासाची ही सेवा 'लाइमवायर'ने विकत घेतली. गाणी वाटल्याबद्दल २०१० मध्ये अमेरिकी न्यायालयाने बंद पाडलेल्या सेवेचेच हे नाव, आता नव्या मालकांकडे! वापरणाऱ्यांना कुणी विचारले नाही. मात्र कोड मुक्त असल्यामुळे त्यातून 'पेअरड्रॉप' उभे राहिले होते, ते आजही चालते.

पेअरड्रॉप स्वतःच्या संगणकावरही बसवता येते. कार्यालयातला एक जुना लॅपटॉप आणि वायफाय राउटर पुरतो. सरकारने इंटरनेट बंद केले तरी त्या वायफायवरच्या फोनमध्ये फाइल्स इकडून तिकडे जाऊ शकतात. हे बसवायला शिकणारी दोन-तीन मुले-मुली प्रत्येक तालुक्यात आपल्याकडे असायला हवीत, आणि तीही बंदीचा आदेश निघण्याच्या आधी.