बिघडलेली जमीन व कचऱ्याचें खत

जुन्या जमाबंदीच्या दप्तरांत आमच्या भागांतील जमिनीच्या कन्हार, मोरंड, सिहार, बरडी अशा प्रती लिहिलेल्या आम्हीं महसुली नोकरींत नित्य पाहिल्या. हे सर्व निसर्गदत्त भेद होत. माणसानें जमीन किती बिघडविली, ह्याचें सदर त्यांत नाहीं. गोंदिया जिल्ह्यांत मात्र आतां त्या सदराची गरज भासूं लागली आहे. ज्या बांधींत गांवाचें सांडपाणी शिरतें, अथवा भातगिरणीची राख पडते, तेथील माती सुधारावी कशी?

सेंद्रिय खत हा त्यावरील मोठा उपाय होय. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनें गुमगांव येथील मँगनीज खाणीच्या उजाड ढिगांवर साखर कारखान्यांतील प्रेसमड व उपयुक्त जिवाणू घालून झाडें वाढविलीं. कुजलेल्या खतानें माती भुसभुशीत होते, ओल धरते व शिसें, तांबें ह्यांसारखे धातु बांधून ठेवते. परंतु हे धातु नष्ट होत नाहींत, ते मातींतच राहतात.

म्हणूनच शहरी कचऱ्याच्या खताविषयीं सावध राहणें अवश्य आहे. 1985 च्या खत नियंत्रण आदेशांत अशा खताच्या एका किलोंत शिसें 100 व कॅडमियम 5 मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसावें, अशी मर्यादा आहे. उलट, 2015 सालीं सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेच्या 12 बाबींत हे दोन्ही धातु नाहींत. मग शेतकऱ्यास विष कळावें कसें? नगरपरिषदांनीं कचरा घरींच वेगळा करवून, प्रत्येक खेपेबरोबर तपासणीचा दाखला द्यावा. दाखल्यावांचून तें खत कोणीं घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तोंवर घरचें खत तरी वायां दवडूं नये. पुसदचे कै. नारायण देवराव पांढरीपांडे ह्यांच्या नाडेप पद्धतीचें 10 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट उंच टाकें पौषांत पालापाचोळा, तणीस, शेण व माती ह्यांनीं भरल्यास वैशाखापर्यंत खत तयार होतें. कच्ची तणीस मात्र रोवणीच्या तोंडावर चिखलांत गाडूं नये. कुजतांना ती नत्र ओढून घेते व रोप पिवळें पडतें. धानाचा तूस लवकर कुजत नाहीं, तो थोडाच घालावा.

आपल्या मंडळानें ह्या उन्हाळ्यांत निदान सांडपाण्याखालील बांध्यांची यादी करून त्यांच्या मातींतील धातूंची तपासणी मागावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.