सहीचा कोपरा

आमच्या पिढीला लेखकांची नावं पाठ असतात. कुठल्या दिवाळी अंकात कुणाची कथा आली होती हेही घरातल्या थोरांना आठवतं. पण ज्या चित्राकडे बघून आपण तो अंक उचलला, ते कुणी काढलं असं विचारा. दलाल, मुळगावकर एवढी दोन नावं येतात आणि गाडी थांबते. अंकाचं नाव ज्या अक्षरांत लिहिलंय ती अक्षरं कुणाची, हा प्रश्न तर कुणाला पडतच नाही. मला तरी कुठं पडला होता? तो पडला बेळगावापासून दूर, ग्वाल्हेरात, एका पत्र्याच्या ट्रंकेपुढे बसल्यावर.

आमच्या आत्याचं सासर ग्वाल्हेरच्या लष्करातलं. लष्कर म्हणजे पलटण नव्हे, शिंद्यांच्या छावणीचं पुढं शहर झालं ते. महाराज बाड्याच्या आसपास अजूनही मराठी आडनावांच्या पाट्या दिसतात. आत्या लग्न होऊन गेली तेव्हा तिच्या सासरचे लोक तिला ‘बेलगामवाली’ म्हणत आणि हसत, कारण हिंदीत बेलगाम म्हणजे लगाम नसलेली. माझे वडील दर दिवाळीनंतर, आमचे वाचून झाले की, अंक बांधून तिला पोस्टानं पाठवत. आता ती नाही. गेल्या डिसेंबरात आतेभावानं कळवलं की घर विकायचं ठरलंय, एकदा येऊन बघून जा. गोवा एक्सप्रेस आपल्या बेळगावाहून थेट ग्वाल्हेरला जाते, त्यामुळे निघाले.

ट्रंका दोन निघाल्या. एकीत मराठी अंक. दुसरीत ‘धर्मयुग’ आणि इंग्रजी ‘इलस्ट्रेटेड वीकली’. भाचा म्हणाला, “आत्या, कव्हरं कापून ठेवू या. चित्रं छान आहेत. आतलं कोण वाचणार?” त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. नव्या फ्लॅटमध्ये दोन ट्रंका ठेवायला जागा नाही. त्याला मराठी बोलता येतं, वाचायचा कंटाळा येतो. त्याच्या मुलीला तर बोलायलाही अडतं. पण ती कॉलेजच्या वार्षिक अंकाची मांडणी करते, म्हणून तीच माझ्याबरोबर जमिनीवर बसली आणि एकेक अंक उघडू लागली.

पहिला अंक ‘दीपावली’चा. मुखपृष्ठावर ठसठशीत काळ्या रेषेतली, भरल्या गालांची बाई आणि लुगड्याच्या काठाची नक्षी इतकी नेमकी की बोटानं चाचपावी. “ये किसका है?” पोरीनं विचारलं आणि स्वतःच कोपऱ्यात बोट ठेवून वाचलं, “दलाल.” दीनानाथ दलाल मूळचे गोव्याचे, जन्म १९१६चा. मुंबईत त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि १९४५ पासून ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक. चित्रकारच मालक, म्हणून त्या अंकात चित्राला जागेसाठी भीक मागावी लागली नाही. १९७१ साली ते गेले, अवघे चोपन्न वर्षांचे.

दुसऱ्या अंकावर सगळं मऊ. कातडीवर कुठं रेघ नाही, उजेड आतून आल्यासारखा. रंग फवाऱ्यानं दिला की असा उतरतो. सही वाचून पोर म्हणाली, “मुलगांवकर.” मी म्हटलं, ल नाही, ळ. मुळगावकर. तिनं तीन-चारदा प्रयत्न केला. हिंदी शाळेत शिकलेल्या जिभेला तो ळ काही वळेना. ग्वाल्हेरात अक्षरं तीच देवनागरी, म्हणून मराठी माणसाला वाटतं आपलं काही हरवलं नाही. आणि हा ळ मात्र चोरपावलांनी निघून जातो. काळे पाटीवर काले होतात. आपल्याकडे उलट गंमत आहे. आमची सून धारवाडची. लग्नाआधी तिनं मराठी अंक हातात धरला नव्हता, लिपीच वेगळी. पण ळ तिचा स्वच्छ, कारण कन्नडात तो घरोघर आहे. बेळगावचा ळ बंगळूरला सुखरूप पोचतो, ग्वाल्हेरला पोचेपर्यंत वाटेत पडतो.

रघुवीर मुळगावकरही गोव्याचेच, दलालांहून दोन वर्षांनी लहान. देवादिकांची कॅलेंडरं त्यांची, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठंही त्यांचीच. आमच्या स्वयंपाकघरात लक्ष्मी आणि माजघरात झुंझार, दोघंही एकाच हातातून आलेले होते हे मला साठीनंतर कळलं. आवडीचं विचाराल तर माझं मत दलालांना. मुळगावकरांच्या बायका मला फार धुतलेल्या वाटतात. पण आत्याच्या सासूबाईंनी मुळगावकरांचं एक मुखपृष्ठ चौकटीत घालून देवघरात लावलं होतं म्हणे, तेव्हा माझ्या मताला कोण विचारतो!

ही सगळी चित्रंच का, फोटो का नाहीत, असं पोरीनं विचारलं. तिच्या अंकात सगळं फोटोवर चालतं. यामागे छापखान्याचं कारण आहे. त्या काळी चित्र छापायचं तर धातूचा ब्लॉक करावा लागे. नुसत्या रेषांचं चित्र असेल तर जस्ताचा साधा लाइन ब्लॉक, तो स्वस्त आणि हलक्या कागदावरही उठतो. फोटोत छटा असतात, त्यांचे जाळीतून बारीक ठिपके करावे लागतात, आणि ते ठिपके नीट उठायला गुळगुळीत आर्ट पेपर लागतो. रंगीत हवं तर प्रत्येक रंगाचा ब्लॉक वेगळा आणि एकावर एक अचूक बसायला हवा. मराठी मासिकांना ही चैन कव्हरापुरती आणि चार-दोन पानांपुरती परवडे. मग आतली पानं काळ्या शाईच्या रेषेवर उभी राहिली. त्यातून वसंत सरवट्यांसारखा माणूस घडला. कोल्हापूरचे, पेशानं इंजिनिअर, आणि ‘ललित’च्या दिवाळी अंकाची मुखपृष्ठं वर्षानुवर्षं त्यांची. छटा नाही, फवारा नाही, एका रेघेत अख्खं बिऱ्हाड उभं.

अक्षरांचंही तसंच. शिशाचे खिळे ठराविक आकारांत मिळत. देवनागरीला काना-मात्रा, जोडाक्षरं धरून शेकड्यांनी वेगवेगळे खिळे लागतात, त्यामुळे मोठ्या टाइपात फार निवड नसे. कथेचं नाव उठावदार हवं तर कुणीतरी ते हातानं काढायचं आणि त्याचा ब्लॉक करायचा. या कामातले राजे कमल शेडगे. टाइम्सच्या कला विभागात त्यांची नोकरी, पण घराघरांत ते पोचले नाटकांच्या जाहिरातींतून आणि दिवाळी अंकांच्या शीर्षकांतून. शब्दाचा अर्थ अक्षराच्या अंगावर दिसला पाहिजे हा त्यांचा खाक्या. जुलै २०२० मध्ये ते गेले, करोनाच्या गदारोळात. पोरीला मी हे सांगत होते, तेवढ्यात तिनं एका कथेचं शीर्षक मोबाइलमध्ये टिपलं आणि म्हणाली, “हा फॉन्ट कुठं मिळेल?” मिळणार नाही बाळा, हा एकदाच काढलेला आहे, म्हटल्यावर ती बराच वेळ गप्प बसली.

‘किर्लोस्कर’चे अंक निघाले तेव्हा मात्र मला आपल्या गावाचा तोरा चढला. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांचं सायकलचं दुकान होतं ते बेळगावात, आणि इथून ते कुंडलच्या माळावर गेले १९१० साली. त्यांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शंवाकि, लाहोरला पंडित सातवळेकरांकडे चित्रकला शिकून आलेले. नांगराच्या कारखान्यात त्यांनी १९२० साली मासिक सुरू केलं. १९३० साली ‘स्त्री’, १९३४ साली ‘मनोहर’. संपादकालाच ब्रश धरता येत होता. ‘टाकाच्या फेकी’ ही व्यंगचित्रं ते स्वतः काढत. पुढं कोल्हापूरच्या ग. ना. जाधवांनी या मासिकांची मुखपृष्ठं रंगवली. मला वाटतं, लेखकाइतकाच चित्रकार मासिक घडवतो हे मराठीत पहिल्यांदा ओळखलं ते या माळावर. पुण्या-मुंबईचे लोक हे कबूल करणार नाहीत, तो भाग निराळा.

आता दुसरी ट्रंक. ‘वीकली’ उघडला की फोटो अख्खं पान घेतो, कधी दोन. मराठी अंकांनी फोटोग्राफरला कायम पोस्टाच्या तिकिटाएवढं ठेवलं, आणि त्याचं नाव तर बहुतेकदा छापलंच नाही. कागद महाग होता हे खरं, पण नाव छापायला कुठं आर्ट पेपर लागतो? इंग्रजी ‘वीकली’त एके काळी आपल्या म्हैसूरचे टी. एस. सत्यन होते. जन्म १९२३. आधी ‘डेक्कन हेरल्ड’, मग मुंबईला ‘वीकली’. राजेरजवाडे सोडून त्यांचा कॅमेरा शाळकरी पोरं, हमाल, म्हाताऱ्या बायका यांच्याकडे वळायचा. त्यांच्या मुलांच्या फोटोंचं प्रदर्शन १९७९ साली युनिसेफनं बालक वर्षानिमित्त भरवलं होतं. आमच्या सुनेनं त्यांचं नाव माहेरी ऐकलेलं आहे, माझ्या मराठी मैत्रिणींपैकी एकीनंही नाही. एकाच गल्लीत राहून आपण एकमेकांची मासिकं किती कमी उघडली!

ग्वाल्हेरचं फोटोशी नातं मात्र याहून जुनं. किल्ल्यावर गेलो तेव्हा पोरीला सांगितलं की मानमंदिराच्या निळ्या फरशांच्या भिंतीपुढं लाला दीनदयाळ आपला जड कॅमेरा घेऊन उभे राहिले होते. ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला होते, तिथंच फोटोचा नाद लागला, आणि पुढं हैदराबादच्या निजामाचे फोटोग्राफर झाले. त्यांनी टिपलेल्या मध्य हिंदुस्थानातल्या वास्तूंचं पुस्तक लेपेल ग्रिफिन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८८६ साली लंडनला काढलं. त्यात ग्वाल्हेरही आहे. पोरीनं मोबाइलवर तो फोटो शोधला, भिंतीपुढं धरला, दोन पावलं मागं गेली, एक पाऊल डावीकडं सरकली. “इथंच उभे होते,” म्हणाली. मराठीत म्हणाली.

रात्री जेवताना पुन्हा कव्हरं कापायचा विषय निघाला. तोवर आतेभाऊ गप्प होता. तो म्हणाला, “आईनं अंक उशाशी घेतले ते वाचायला. चित्र बघायला एक मिनिट लागतं, उरलेलं वर्ष ती आतलंच वाचत होती.” भाचा म्हणाला, “बाबा, मग जागा सांगा.” यावर कुणापाशी उत्तर नव्हतं. मी एका वाचनालयाला फोन लावला, त्यांनी जुने अंक घेणं बंद केलंय. शेवटी पोरीनं कात्री लपवून ठेवली आणि स्वतःसाठी अकरा अंक निवडले, अखंड. मी एक पिशवी भरली. उरलेले, सांगताना बरं वाटत नाही, पण रद्दीत गेले. तराजूवर दलाल आणि मुळगावकर एकत्र चढले आणि माणसानं काटा बघून पैसे दिले.

परतल्यावर सुनेला पिशवी दाखवली. तिला वाचता येत नाही, पण चित्रं बघत राहिली. मी कौतुकानं सांगितलं की कॉम्प्युटरवर मराठी उमटतं तो ‘मंगल’ फॉन्ट र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकाराचा. ते आधी जाहिरात कंपनीत होते, पुढं आयआयटी मुंबईत शिकवत, २००८ साली गेले. ती म्हणाली, “अत्ती, आमचा ‘तुंगा’ कुणी केला मग?” शोधलं. विंडोजवरचा कन्नड ‘तुंगा’ही जोशींच्याच देखरेखीखाली झालेला. ऑफिसात रोज तोच वापरते ती. “नोड्री!” एवढंच म्हणाली, आणि मग पिशवीतल्या प्रत्येक अंकाचा कोपरा तपासू लागली. सही लागली की मला वाचायला लावायची आणि खाली कन्नडात चिठ्ठीवर लिहून ठेवायची. सात अंकांवर सहीच नाही.

त्यातल्या एकावर नदीकाठी पाठमोरी बसलेली मुलगी आहे, वरचा कोपरा वाळवीनं खाल्लाय, अंकाचं नाव गेलंय, वर्षही गेलंय. मागच्या कव्हरावर ग्वालियर सूटिंगची जाहिरात शाबूत आहे. कुणाच्या माळ्यावर तसाच अंक असेल तर कळवा. मागणार नाही, येऊन फक्त कोपरा बघून जाईन.