उत्तर आधीच ठाऊक असलेले प्रयोग

बारावीच्या रसायनशास्त्राच्या शंभर गुणांपैकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात. परंतु कृती पुस्तकात दिलेली, निष्कर्ष ठरलेला आणि आकडे मागील वर्षीच्या जर्नलातून उतरवलेले, अशा व्यवहाराला प्रयोग म्हणावे काय? प्रश्न विचारून पुरावा शोधणे म्हणजे विज्ञान. येथे विद्यार्थ्याला आज्ञापालन तेवढे शिकविले जाते.

फैजपूरच्या परिसराला हे अधिक बोचले पाहिजे. खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन १९३६ साली येथेच झाले. १९७०च्या दशकात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने ग्रामीण शाळांतील विज्ञानशिक्षण सुधारण्याचे काम हाती घेतले, तेही जवळच्याच खिरोद्यात. शेजारच्या मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली सोळा शाळांतून स्वतः प्रयोग करून शिकण्याचा कार्यक्रम सुरू झाला. २००२ साली शासनानेच तो बंद केला. हे प्रयत्न खालच्या वर्गांसाठी होते. विद्यार्थी अकरावीत येतो, तेव्हा त्याची जिज्ञासा प्रवेशपरीक्षेच्या दावणीला बांधली जाते.

साधने नाहीत, ही सबब पुरेशी नाही. यावल-रावेर हा केळीचा मुलूख. घड कापला की खोड बांधावर पडते. ते वाळवून जाळावे, राख पाण्यात ढवळून गाळावी. त्या पाण्यात पोटॅशियम कार्बोनेट उतरते. मिथिल ऑरेंज घालून विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन केले की त्याचे प्रमाण कळते. खोडाच्या राखेत ते अधिक की पानांच्या? गरम पाण्याने अधिक उतरते काय? याची उत्तरे विद्यार्थ्याच्या पाठ्यपुस्तकात नाहीत. त्याने अंदाज बांधावा, कृती स्वतः आखावी, चुकावे, पुन्हा मोजावे आणि वर्गापुढे आपला निष्कर्ष सिद्ध करावा. आपला देश पोटॅश खत जवळजवळ सर्वस्वी परदेशांतून आणतो, हे कळल्यावर त्याच विद्यार्थ्याला बांधावरचे खोड निराळे दिसू लागेल.

हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा नाही, समतेचा आहे. ऐपतदारांची मुले शिकवणीवर्गात सूत्रे विकत घेतात. शेतमजुराच्या मुलीला विज्ञान हाताळण्याची एकमेव जागा म्हणजे महाविद्यालयाची प्रयोगशाळा. तिलाच कुलूप लागले, तर त्या मुलीने जावे कोठे? हजेरीची यंत्रे बसवून हे कुलूप उघडणार नाही.

तेव्हा प्रात्यक्षिकाच्या तीस गुणांपैकी निदान दहा गुण विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या शोधासाठी मंडळाने राखावेत. प्रयोगशाळा सहायकांची रिक्त पदे शासनाने भरावीत. शिक्षकांना त्यासाठी तासिका आणि मोकळीक मिळावी. आणि कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या संस्थाचालकांना एवढेच विचारावे : या वर्षी प्रयोगशाळा किती दिवस उघडी होती? जो तरुण परीक्षानळीतील द्रवाला प्रश्न विचारण्यास शिकेल, तो उद्या सत्तेलाही विचारील.