वाट बदलण्याआधीची वर्षं

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न फिरू लागतो: पुढे काय? आणि उत्तर आठ दिवसांत हवं असतं. अशा वेळी मला डॉ. श्रीराम लागू आठवतात.

१९६९ मध्ये कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडून ते पूर्णवेळ नट झाले, तेव्हा चाळिशी उलटली होती. पुढच्याच वर्षी त्यांची भूमिका असलेलं ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं. ही गोष्ट आपण धाडसाची म्हणून सांगतो. मला मात्र तीत तयारी जास्त दिसते. वैद्यकीय शिक्षण घेतानाच ते नाटकांत रमले होते. पुण्यात भालबा केळकरांसोबत प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये त्यांनी हौशी रंगभूमीवर वर्षानुवर्षं काम केलं. मधे परदेशातलं उच्च शिक्षण झालं, आफ्रिकेतली नोकरीही झाली. एका दिवसात काहीच सुटलं नाही, काहीच धरलं गेलं नाही.

करिअरची आखणी म्हणजे अठराव्या वर्षी काढलेला पक्का नकाशा, ही समजूत मुलांचा जीव घाबरा करते. ती मला मान्य नाही. पोट भरणारं काम नीट करत दुसऱ्या कामाचा हात बसवत राहणं, हीसुद्धा आखणीच. त्यात काही वर्षं जातात. घरच्यांनी ती द्यायला हवीत.

आखणी करायला बसण्याआधी एक वही काढा. गेल्या वर्षभरात कुणी न सांगता तुम्ही कोणत्या कामाला बसलात, तेवढं त्यात लिहा.