नाव पाण्याचे, गाव कुणाचे?

मावळात मुलखाची नावे पाण्यावरून पडली. पवनेचे ते पवन मावळ, आंद्रेचे ते आंदर मावळ. लोणावळ्याजवळ वळवणला उलटे झाले, तिथे गावाने धरणाला नाव दिले. १९१५ साली टाटांनी इथले पाणी खोपोलीला उतरवून मुंबईसाठी वीज केली.

पवनेकाठचा हिशेब मात्र अजून जुळत नाही. धरणासाठी गावे उठली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की वाघेश्वराचे देऊळ उघडे पडते, आणि इथे वस्ती होती हे आठवते. पाणी पिंपरी-चिंचवडला पोचले. धरणग्रस्तांच्या जमिनीचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला. बंद जलवाहिनीविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे शेतकरी रस्त्यावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला.

आता त्याच काठावर तंबू लागतात. पाहुणा ‘पवना लेक’ म्हणतो; गावाचे नाव त्याच्या गावीही नसते. तंबूमुळे काहींच्या हाती चार पैसे येतात, हे खरे. पण भाडे म्हणजे जमीन नव्हे. सरकारने पुनर्वसनाचे जुने देणे आधी फेडावे. आणि तुम्ही काठावर गेलात तर गावाचे नाव जरूर विचारा. नावच विसरले गेले, तर हक्क कोण आठवणार?